मंगळवारचं विमान

हार्लो, ९ जून

लाइल,

हे टपालाने पाठवतेय, कारण दुसरे सगळे रस्ते तूच बंद केलेस. ‘बगळ्यांचं डबकं’ या तुझ्या इंटरनेटवरच्या चावडीवर मी एवढंच लिहिलं होतं की लाइल ब्रेक्केला तिसरीत जाईपर्यंत घड्याळ वाचता येत नव्हतं, तेव्हा त्याने विद्यापीठांची भविष्यं सांगू नयेत. त्यावर तू स्वतःच्या सख्ख्या बहिणीला तिथून कायमचं हाकललंस. कारण दिलंस ‘वैयक्तिक टीका’. फोन तर तू सात वर्षांत उचललेला नाहीस. राहता राहिला पोस्टमन.

आज चर्च सुटल्यावर सगळे कॉफीला बसलो होतो. पास्टरांची बायको सॉल्व्हेग माझ्याकडे वळून म्हणाली, “मार्लिस, आपलं हार्लो स्टेट विद्यापीठ फुटबॉल खेळायला लेकशोर गटात चाललंय म्हणे? तुझा भाऊच सांगतोय.” टेबलावरची सगळी डोकी माझ्याकडे वळली. जसं काही मीच आपला फुटबॉल संघ परसातल्या जुनाट सामानाबरोबर विकायला काढलाय. मी म्हणाले, माझा भाऊ नदीपलीकडे डन्मोरला राहतो, बगळे म्हणवणाऱ्या संघाच्या गावात, आणि त्याला करमत नाही.

मग घरी येऊन तुझं ते लिखाण वाचलं. वाचायला अजून बंदी नाही, फक्त बोलायला आहे. तर तुझा पुरावा काय? हार्लो स्टेटचं छोटं पांढरं विमान. त्याच्या शेपटीवरचा नंबर इंटरनेटवर टाकला की ते कुठे उडतंय ते कुणालाही घरबसल्या दिसतं, आणि तुला घरबसण्याशिवाय दुसरं काम नाही. ते लागोपाठ दोनदा मंगळवारी मिनियापोलिसला गेलं. लेकशोर गटाची कचेरी मिनियापोलिसला. झालं, तू सोयरीक ठरवून मोकळा. हार्लोवाले वर्षानुवर्षं एकमेकांशी खेळणाऱ्या आठ शेजाऱ्यांना टांग देऊन, टीव्हीच्या पैशांसाठी आपला प्रेअरी गट सोडणार, असं तू लिहिलंस. खाली दोनशे बगळ्यांनी आम्हाला शिव्या घातल्या.

लाइल, मिनियापोलिस मोठं शहर आहे. तिथे माणसं शंभर कामांसाठी जातात. लग्नाचे कपडे घ्यायला जातात, दात दाखवायला जातात. विमान मंगळवारी कुठे जातं याच्याशी तुला काय करायचंय? ते जाऊ दे की सुखाने.

आणि लेकशोर गट तरी कसला? नावात तळं आहे म्हणून, नाहीतर त्यातली निम्मी विद्यापीठं समुद्राच्या काठी आहेत, तीही वेगवेगळ्या समुद्रांच्या. मी पंचवीसेक वर्षं शाळेची बस चालवली. माझ्या मते ज्या गावाला बसने जाऊन, हरून, रडून, त्याच रात्री परत येता येतं, ते गाव आपलं वैरी. विमानाने तीन तास जाऊन ज्यांच्याशी खेळायचं त्यांचा राग तरी कसा येणार?

तू हे सगळं इतकं चवीने का लिहितोयस तेच मला कळत नाही. हार्लो गेलं तर फाटकाचा सामना गेला, हे तुला कळतंय ना? दोन गटांतले संघ दरवर्षी भेटायला मोकळे नसतात. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार, आमचा खेचरांचा संघ आणि तुमचा बगळ्यांचा, आणि जिंकणाऱ्या संघाने ते गंजकं लोखंडी फाटक खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर धावायचं. बाबा त्या दिवसासाठी जगायचे. मैदानाबाहेर पाण्याच्या टाकीखालची बाबांची गाडी लावायची जागा अजून आपल्या नावावर आहे. वर्षातून तो एकच दिवस, सामन्याआधी तिथेच, तू माझ्या हातचं खातोस. ट्रकच्या एका बाजूला माझ्या नवऱ्याची, ड्वेनची खुर्ची, दुसऱ्या बाजूला तुझी, आणि मधे शेगडीपाशी मी, चिमटा हातात घेऊन. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही, पण एकाच शेगडीवरचं खाता तरी.

ड्वेन काही विसरलेला नाही. तीस वर्षं त्याने हार्लोच्या संघाचं सामानघर सांभाळलं, शिरस्त्राणं घासली, बुटांच्या वाद्या बदलल्या, कुणाच्या गुडघ्याला कुठला पट्टा लागतो ते बाहेर कधी फुटू दिलं नाही. एकदा फक्त आपल्या घरच्या टेबलावर बोलला, मेव्हण्यासमोर, तुझ्यासमोर. तू रात्र पडायच्या आत ते चावडीवर मांडलंस. त्याची नोकरी जाता जाता राहिली. तुझ्या पोटात काही राहत नाही, लाइल, आईच म्हणायची.

तरी तो शनिवार होता म्हणून सात वर्षं मी तुला बघू शकले. तो गेला तर तू कशाला येशील? मग मला भाऊ आहे हे मला फक्त चावडीवरून कळत राहील. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं, खोडणार नाही.

ते विमानाचं काढून टाक.

मार्लिस

हार्लो, २४ जून

लाइल,

तुझं कार्ड मिळालं. पुढे बगळ्याचं चित्र, मागे पाच शब्द: “परत गेलं. मंगळवारीच. आता बोल.” माझ्या दोन पानांना हे उत्तर. तिकिटाचा खर्च तरी वसूल होईल एवढं लिहायचंस.

गावाचं पार डोकं फिरवून ठेवलंयस तू. हार्डवेअरच्या दुकानात खिळे घ्यायला गेले तर दोन म्हातारे लेकशोर गटाचा नकाशा काउंटरवर पसरून बसलेले, जसे काही सैन्य हलवतायत. एकाचं म्हणणं, आम्ही गेलो तर डन्मोरलाही ओढून नेतील. दुसरा म्हणाला, डन्मोरला कुत्रंही विचारत नाही. हे तुला कळवायला मला फार आनंद होतोय. मीही वैतागून जाहीर केलं की हार्लो कुठेही जात नाही, गेलं तर दुकानातल्या प्रत्येकाला माझ्या हातची एकेक पाई, रूबार्बच्या आंबट देठांची. नऊ माणसं होती. मी इतकी खात्रीने बोलले कारण त्या विमानाबद्दल तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं.

म्हणजे, कुणालाही जास्तच कळेल.

सगळ्यात कहर तुझ्या चेल्यांनी केलाय. गेल्या मंगळवारी धावपट्टीच्या जाळीला नाकं लावून तिघं उभे होते, दुर्बिणी घेऊन. एकाने घडीची खुर्चीही आणली होती. मला कसं माहीत ते विचारू नकोस. प्रौढ माणसं आहेत रे ती, कामधंद्याची. एक छोटं विमान उतरतंय, त्यातून कोण उतरतंय, यात बघण्यासारखं काय आहे? आत तर पाय सोडून बसायलाही जागा नसते. नसते म्हणतात.

तू ड्वेनची विचारपूस केलेली नाहीस, तरी सांगते. बरा आहे. थोडा उतरलाय, पण उन्हाळ्यात तो उतरतोच. अंगणातलं गवत या वेळी मी कापलं, कारण मलाच हौस आली. घरातही टोपी घालून बसतो, त्याला आवडते ती टोपी. सामानघरात रोज तासभर जाऊन येतो, बाकीचं काम आता नवीन माणूस बघतो. तुझं नाव काढलं की अजूनही उठून दुसऱ्या खोलीत जातो, म्हणजे पायांत तेवढं बळ आहे.

तुला हात जोडून सांगते, विमानाचा नाद सोड. बास्केटबॉलवर लिही. हवामानावर लिही. तुमच्या प्रशिक्षकाच्या मिशीवर लिही.

मार्लिस

हार्लो, १८ जुलै

लाइल,

हे पत्र बसून वाच.

जुलैच्या पहिल्या मंगळवारचा तो फोटो, जाळीमागून काढलेला, तुझ्या चावडीवर अजून सगळ्यात वर आहे. विमानाच्या पायऱ्या उतरणारा टोपीवाला बारीक माणूस आणि त्याच्यामागे पर्स सांभाळत येणारी जाडी बाई. चारशे लोकांनी खाली अकला पाजळल्यात. शेवटी सर्वानुमते ठरलं की हा लेकशोर गटाचा वकील, करारावर सह्या घ्यायला आलाय, आणि ती त्याची सचिव. तू स्वतः त्यात भर घातलीस: “चालण्यावरून पूर्वेकडचा वाटतो. तिकडची माणसं अशीच जपून चालतात.”

तो वकील म्हणजे ड्वेन. सचिव म्हणजे मी.

तो पूर्वेकडचा नाही, लाइल, औषधांनी त्याच्या तळपायांना मुंग्या येतात, म्हणून जपून चालतो. टोपी आहे कारण खाली केस नाहीत. त्याला रक्ताचा कर्करोग आहे. मे महिन्यात कळलं. एक मंगळवार सोडून एक मंगळवार मिनियापोलिसच्या इस्पितळात दिवसभर हाताला नळी लावून बसायचं, ऑक्टोबरपर्यंत. आणि तू स्वतःच्या बहिणीला ओळखलं नाहीस. ती पर्स आईची आहे. तिचा बंद तूच तोडला होतास.

तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते चावडीवर आलं असतं. ड्वेनला ते नको होतं. शिरस्त्राणं घासणाऱ्या माणसाच्या तब्येतीची गावभर चर्चा होऊ नये एवढीच त्याची इच्छा होती. शिवाय आम्ही शब्द दिला होता. इथल्या क्रीडासंचालक पेलबाई स्वतः घरी आल्या होत्या. म्हणाल्या, विमान काही ना काही कामाने शहरात जातंच, मी ते मंगळवारी वळवते, दोन खुर्च्या तुमच्या. पण कुठे बोलू नका, नियमात बसत नाही. तीस वर्षांत ड्वेनने विद्यापीठाकडे कधी काही मागितलं नव्हतं. हेही मागितलं नव्हतं.

आणि तुझ्या त्या फोटोनंतर वर्तमानपत्राने विचारलं की विमानातून कोण वकील फिरतोय. मग विधिमंडळातल्या कुणीतरी विचारलं. पेलबाई गेल्या आठवड्यात पुन्हा आल्या, दारातच उभ्या राहिल्या, आत बसेनात. विमान बंद. चौकशी संपेपर्यंत हलायचं नाही. त्या बिचाऱ्या माफी मागत होत्या आणि मला लाज वाटत होती, कारण माफी माझ्या माहेरच्या माणसाने मागायला हवी होती.

मग या मंगळवारी मी गाडी काढली. जायला पाच तास, यायला पाच तास. जाताना बरा होता. येताना अर्ध्या वाटेत एका पेट्रोलपंपामागे त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. मी त्याचं डोकं धरून उभी होते आणि आत काउंटरवर दोन माणसं काय बोलत होती सांगू? हार्लो जाणार की नाही. ड्वेननेही ते ऐकलं. तोंड पुसून म्हणाला, “लाइल काय म्हणतोय?” मी म्हणाले, त्याचं नाव नको काढू. तो म्हणाला, “मी कुठे काढतो.”

माझे डोळे पूर्वीसारखे नाहीत. अंधारात समोरच्या दिव्यांचे गोळे होतात. बसभर पोरं घेऊन बर्फातून गेलेली मी, पण परवा शेवटचा तास गाडी कशी चालवली ते माझं मला माहीत. पुढचा मंगळवार तीस तारखेला आहे, आणि मला भीती वाटते.

आता हे तुझ्याकडे आहे. ड्वेनला माहीत नाही की मी लिहिलं. एकदा, फक्त एकदाच, काहीतरी पोटात ठेवून दाखव.

मार्लिस

हार्लो, १ ऑगस्ट

लाइल,

आधी तक्रारी, म्हणजे त्या राहून जायच्या नाहीत.

कुणाच्या दारात उजाडायच्या आधी यायचं असेल तर कळवावं. मी झोपेच्या कपड्यांत होते. ती गाडी, जिच्या अख्ख्या अंगावर निळा बगळा रंगवलाय, ती हार्लोत माझ्या दारासमोर उभी केलीस. समोरच्या गुंडरसनने पडदा सरकवून पाहिलं आणि अजून सरकवूनच ठेवलाय. गाडीत कुत्र्याचा वास येतो, आजारी माणसाला तो सोसत नाही. आणि पेट्रोलपंपावरचं सॉसेज त्याला देऊ नकोस. मला सगळं कळतं, त्याच्या शर्टावर मोहरी होती.

ड्वेन खिडकीत उभा राहून म्हणाला, “हे पाखरू आपल्या दारात कशाला?” मी म्हणाले, तुला न्यायला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता घरी बसेल आणि मरेल पण त्या गाडीत पाय ठेवणार नाही. मग टोपी सारखी केली, बाहेर गेला, मागचं दार उघडलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. तू टॅक्सीवाला असल्यासारखा. तूही तशीच गाडी सुरू केलीस. मला म्हणालास, “तू झोप, मार्लिस.” माझ्या भावाचं सात वर्षांतलं तेवढंच एक वाक्य असं, ज्यात फुटबॉल नव्हता. मी झोपले नाही, पण पडून राहिले.

संध्याकाळी परत आलात तेव्हा ड्वेन पुढच्या बाकावर होता. कुठल्या गावापाशी तो पुढे आला ते दोघंही सांगत नाही. मी त्याला विचारलं, काय बोललात? म्हणाला, “काही नाही.” तुला विचारलं, तर “काही नाही.” दहा तास दोन माणसं एका डब्यात बसून काही नाही. पण त्याची कानशिलं लाल होती. आणि माझी बटाट्याची हॉटडिश दोनदा वाढून घेतली. महिन्याभरात त्याने पहिल्यांदा दोनदा घेतलं. जेवताना एकटाच बडबडत होता की काही मूर्खांना वाटतं लेकशोरला नदीकाठची विद्यापीठं हवीयत, त्या मूर्खांनी आधी टीव्हीचे करार वाचावेत. आजारी माणसाशी भांडतोस, लाइल? भांड. मंगळवारच्या मंगळवार भांड. फक्त आवाज चढवू नकोस.

फोटो काढलास ते पाहिलं. खाली लिहिलंस, “तो वकील नव्हता. माझा अंदाज चुकला.” कोण होता ते लिहिलं नाहीस. तुझ्याच लोकांनी तुला सोलून काढलं, लाइल विकला गेला, लाइल म्हातारा झाला, आणि तू एका अक्षराने उत्तर दिलं नाहीस. तुला ते किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. खेळात हरलास तरी तू दोन दिवस जेवायचा नाहीस.

आभार वगैरे मी मानत नाही. विमान तुझ्यामुळे बंद पडलं, तेव्हा गाडी तुझीच हवी. पण काल रात्री मी सलग झोपले. हे कळवायला हवं होतं.

पेट्रोलच्या बदल्यात डबा दिला तो परत का केलास? त्यात पैसे नव्हते, बिस्किटं होती. उघडून तरी बघायचा.

मार्लिस

हार्लो, २३ ऑगस्ट

लाइल,

तू बरोबर होतास.

हे वाक्य कापून जपून ठेव, परत मिळणार नाही.

आज सकाळी पेलबाईंनी जाहीर केलं. पुढच्या जुलैपासून हार्लो स्टेट लेकशोर गटात. बोलणी मे महिन्यापासून चालली होती, मिनियापोलिसला, त्यांच्या कचेरीत. मंगळवारी. म्हणजे आम्हाला इस्पितळाच्या दाराशी सोडून त्या बाई पुढे कुठे जायच्या ते आज टीव्हीवर कळलं. मी चार महिने समजत होते की विमान आमच्यासाठी वळवलंय. मी तुला दोन पानं भरून शिव्या दिल्या, हार्डवेअरच्या दुकानात छाती काढून बोलले, आणि मी त्याच विमानात मांडीवर पर्स घेऊन बसले होते. नऊ पाई आहेत, लाइल. रूबार्बचा मोसम संपलाय.

मी ड्वेनला म्हणाले, त्या बाईने आपल्याला आडोसा केला. तो म्हणाला, “केला असेल. खुर्च्याही दिल्या.” मी म्हणाले, यातलं खरं कुठलं? म्हणाला, “दोन्ही.” त्याला राग कसा येत नाही तेच मला कळत नाही. मी सकाळपासून तिघांचा राग एकटी करतेय.

पण हे पत्र त्यासाठी नाही. मी सॉल्व्हेगला फोन करून रडगाणं गात होते की कुणाला काहीच सुगावा नव्हता, आणि मागून ड्वेन अगदी सहज म्हणाला, “मला माहीत होतं.” मी फोन ठेवला. तो सांगायला लागला. ऑगस्टच्या सुरुवातीला सामानघरात नवीन माणसाने त्याला विचारलं होतं, पुढच्या वर्षीच्या जर्सींवर छातीशी गटाची पट्टी शिवायची, ती किती मागवायची. पट्ट्या फार आधी मागवाव्या लागतात. कागदावर चित्र होतं. त्यात तळं होतं.

मी म्हणाले, आणि तू मला बोलला नाहीस? माझ्या पाईंचं तुला माहीत होतं. तो म्हणाला, “तुला सांगितलं असतं तर तू सॉल्व्हेगला सांगितलं असतं.” हे बोलायला त्याला काही वाटलं नाही. मी विचारलं, मग कुणालाच नाही सांगितलं? तर टोपी काढून डोक्यावरून हात फिरवत बसला, आणि म्हणाला, “लाइलला सांगितलं. तेरा तारखेला. गाडीत.”

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

“लाइलला?” मी म्हणाले. “जगातली एवढी माणसं सोडून लाइलला?”

“बघत होतो,” तो म्हणाला. “राहतं का पोटात.”

मग खिडकीबाहेर गुंडरसनच्या पडद्याकडे बघत म्हणाला, “राहिलं.”

मी तुझी चावडी उघडली. तेरा तारखेपासूनचं एकूण एक वाचलं. तू बास्केटबॉलवर लिहिलंयस. हवामानावर लिहिलंयस. तुमच्या प्रशिक्षकाच्या मिशीवर लिहिलंयस, आणि ते मला बरं जमलेलं वाटलं. आमच्या पोरांच्या छातीवर कुठली पट्टी येणार हे तुला माहीत होतं, आणि तुझेच लोक तुला रोज विचारत होते, लाइल, काही नवीन? आणि तू रोज लिहीत होतास, काही नाही. दहा दिवस. आज ती बातमी समुद्राकाठच्या कुठल्यातरी बातमीदाराने पेलबाईंच्या तासभर आधी फोडली. खाली तुझ्या लोकांनी लिहिलंय की लाइलचं संपलं, त्याच्या नाकाखालून हत्ती गेला आणि हा मिशीवर बोलत बसला. जूनमध्ये हेच सगळ्यात आधी तू सांगितलं होतंस. एकदा मान वर करून ‘मी म्हणालो होतो’ एवढं म्हणायचा तुला पूर्ण हक्क होता. तू तेही म्हणाला नाहीस, कारण मग विमानाचं पुन्हा निघालं असतं, आणि त्यातल्या माणसाचं.

मला त्यांना चार शब्द सुनवायचे होते. नेहमीच्या सवयीने लिहून पाठवलंही, आणि ते गेलं. तेव्हा कळलं की तू मला परत आत घेतलंयस. कधी घेतलंस? सांगायची पद्धत आहे की नाही? काय लिहिलं ते तूच वाच. वैयक्तिक टीका आहे.

तर हा नोव्हेंबर शेवटचा. फाटकाचं काय करायचं यावर दोन्ही विद्यापीठं समिती नेमणार आहेत म्हणे, म्हणजे ते कुठल्यातरी तळघरात सडणार. मी सकाळी त्यावर रडून घेतलं, आता पुन्हा रडणार नाही. पण एक ऐकून ठेव. पुढच्या वर्षी त्या शनिवारी खेचरं विमानाने कुठेही जावोत आणि बगळे कुठेही उडोत, पाण्याच्या टाकीखाली बाबांच्या जागेवर मी शेगडी पेटवणार. पार्किंग रिकामं असेल, लोक वेडी म्हणतील. तू यायचंस. सामना असो नसो, तू यायचंस. हे मला सात वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं, पण दरवेळी सामना असायचा.

डॉक्टर काही कबूल करत नाहीत. आकडे जूनपेक्षा बरे आहेत, बाकी ऑक्टोबरमध्ये बघू म्हणतात. ड्वेन ट्रकमधल्या घडीच्या खुर्च्या काढून पुसत बसलाय. नोव्हेंबर अजून लांब आहे असं मी सांगितलं. त्याने दोन्ही एकाच बाजूला लावून पाहिल्या, उन्हाच्या बाजूला.

आता तो माझ्या खांद्यावरून वाचतोय आणि विचारतोय, लाइलच्या मते आता पुढचं कोण फुटणार, आणि आपल्या जागी प्रेअरीत कोण येणार. मी म्हणाले, मंगळवारी गाडीत विचार. म्हणतो, मंगळवारला अजून चार दिवस आहेत.

तेव्हा याचं उत्तर कार्डावर नको. फोन कर. तो उचलेल.

मार्लिस